कोलिस्टिनचा अर्ज

कोलिस्टिन हवं असेल तर आमच्या रुग्णालयात वॉर्डातून अर्ज येतो आणि त्यावर आम्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांची सही लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले, त्यातल्या राखीव, म्हणजे बाकी औषधं चालत नाहीत तेव्हासाठी राखून ठेवलेल्या गटातलं हे औषध. त्या दिवशीच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात एवढंच होतं: ‘युरीन कल्चर पॉझिटिव्ह’, म्हणजे लघवीच्या नमुन्यात जंतू वाढले. जंतू क्लेबसिएला, मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद न देणारा. रिपोर्ट आमच्याच लॅबचा होता आणि तो बरोबरच होता.

पेशंट न बघता फोनवरून नकार देणं मला पटत नाही. मी वॉर्डात गेले.

आजोबा उशीला टेकून मुलाशी बोलत बसले होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ताप नाही, बीपी नीट, ओटीपोट दाबलं तरी दुखत नव्हतं. लघवीची नळी मात्र ऑपरेशनपासून तशीच. लघवी गढूळ दिसली म्हणून नमुना पाठवलेला, तोही खाली लटकणाऱ्या पिशवीतून काढलेला, जिथे साचलेल्या लघवीत जंतू वाढतातच! नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. त्यांनी आजार केलेला असतोच असं नाही. त्यात आजोबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं, आणि कोलिस्टिन किडनीला बाधतं.

“मॅडम, रिपोर्टमध्ये जंतू आलेत आणि तुम्ही औषध नको म्हणताय?” मुलाने विचारलं. त्याच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. जंतू असणं वेगळं आणि जंतूंनी आजारी पडणं वेगळं, हे त्याला सावकाश समजावलं. आज गरज नसताना हे औषध वापरलं आणि जंतू त्यालाही निर्ढावले, तर खरी वेळ येईल तेव्हा हाताशी फारसं काही उरणार नाही, हेही सांगितलं.

सर्जन सरांचा प्रश्न जास्त अवघड होता. “उद्या सेप्सिस झालं तर?” जंतुसंसर्गाने शरीर कोसळण्याची ही भीती खरी असते. मध्यरात्री कोसळलेला पेशंट त्यांना सांभाळावा लागतो, मला नाही. म्हणून नुसतं ‘देऊ नका’ न म्हणता केसपेपरवर लिहून दिलं: नळी आजच काढा, लघवी मोकळी होते का पाहा, ताप, नाडी, बीपी आणि श्वास दर चार तासांनी नोंदवा. थंडी वाजून ताप आला तर दोन ठिकाणांहून ब्लड कल्चर घ्या, अँटिबायोटिक लगेच सुरू करा आणि मला उठवा. सही कुठल्याही वेळी मिळेल. सरांनी ते दोनदा वाचलं आणि अर्ज मागे घेतला.

संध्याकाळी आजोबांना आपसूक लघवी झाली. ताप शेवटपर्यंत आला नाही. ते कोलिस्टिनशिवाय घरी गेले.

आमचा रिपोर्ट मात्र आम्ही बदलला. जंतूच्या नावाखाली त्याला लागू पडणाऱ्या औषधांची यादी छापली की वाचणाऱ्याचा हात साहजिकच औषधाकडे जातो. आता नळीच्या लघवीचा नमुना आला की आधी लक्षणं विचारतो. लक्षणं नसतील तर यादी छापत नाही, ‘नळीची गरज आहे का ते पाहावे’ असं लिहितो. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे रुग्ण यांना हा नियम लावत नाही. त्यांना लक्षणं नसली तरी उपचार लागतात, त्यामुळे तिथे पूर्ण रिपोर्ट जातो.