व्हिसा लवकर मिळाला, कॉलेजचं पत्र मात्र मिळता मिळेना (ग्योटिंगन, माझा अनुभव)

जर्मनीला जायचं म्हटल्यावर ज्याने त्याने मला व्हिसाची भीती घातली. व्हिसा झाला हो सरळ. अडलं ते इथेच पुण्यात, आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एका टेबलावर. अजून आठवलं की डोकं फिरतं म्हणून लिहितेय. कॉलेजचं नाव घेत नाही, मार्कशीट घ्यायचीय अजून तिथून.

आमच्या डिपार्टमेंटचा ग्योटिंगन युनिव्हर्सिटीतल्या एका डिपार्टमेंटशी करार आहे, त्यातून आम्ही काही मुलं आणि एक मॅडम जूनमध्ये जाणार होतो. व्हिसाच्या फाईलला कॉलेजचं एक पत्र लागतं. ही आमची विद्यार्थिनी, अमुक ते तमुक तारखेला जातेय, खर्च कोण करणार, परत येऊन शिक्षण पुढे चालू, आमची हरकत नाही. पाच ओळी! मी तर टाईप करूनच नेलं होतं. क्लार्क मॅडमनी बघितलंही नाही, "ताई, आधी अर्ज द्या." दिला. आवक नंबर पडला. पुढच्या वेळी गेले तर "टिपणी वर गेलीय". वर म्हणजे पहिला मजला, तिथे विचारलं तर "खालीच आहे की". खाली आले तर जेवणाची सुट्टी.

मग निघालं की कराराची कॉपी जोडायला हवी. ती इंटरनॅशनल सेलकडे. इंटरनॅशनल सेल म्हणजे एक कपाट आणि एक सर, आणि सर नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) कामात बुडालेले. शेवटी कॉपी मिळाली तर करारावरची पाच वर्षं कधीच उलटून गेलेली. झालं! "नूतनीकरण झाल्याशिवाय पत्र कसं देणार?" नूतनीकरण म्हणजे मॅनेजमेंटची मीटिंग, आणि मीटिंग कधी ते देवालाच ठाऊक. इकडे विमानाचं तिकीट रोज वर चाललेलं, घरी बाबा रोज विचारणार "काय झालं गं पत्राचं". सुटलं ते आमच्या मॅडममुळे. त्यांनी करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला (मला वाटतं सही झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी वाचला असेल) आणि शेवटच्या पानावरची ओळ पेन्सिलने अधोरेखित करून ऑफिसात नेऊन ठेवली, की दोघांपैकी कुणी लेखी नको म्हटलं नाही तर करार आपोआप पुढे चालू. त्यावर क्लार्क मॅडम काय म्हणाल्या माहितीये? "मग निमंत्रणाचं ओरिजिनल आणा, हे पीडीएफ नाही चालत, शाईची सही पाहिजे." तिकडच्या कोऑर्डिनेटर बाईंना मेल टाकला, त्यांना आधी कळेचना काय हवंय ते, पण बिचारीने सही-शिक्का करून पोस्टाने पाठवलं. ते आलं तेव्हा प्राचार्य बाहेरगावी.

शेवटी पत्र हातात आलं आणि बघते तर नाव उलटं. कॉलेजच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव एका ओळीत, आडनाव वेगळं. मी म्हटलं मॅडम हे पासपोर्टसारखं करून द्या, तर "आमच्या रेकॉर्डला असंच आहे". अर्धा तास हुज्जत. मग कबूल झाल्या, पण नवीन पत्र म्हणजे नवीन जावक नंबर, आणि जावक रजिस्टर ज्या कपाटात त्याची किल्ली ज्यांच्याकडे ते काका रजेवर! मी तिथेच बाकावर बसून राहिले. शिपाई काकांना दया आली, त्यांनी फोन लावून दुसरी किल्ली कुठेय ते विचारलं. पूर्ण ऑफिसात कामाचा माणूस तो एकच.

तर सांगायचं हे की व्हिसाची अपॉइंटमेंट, तिकीट, हॉटेल सगळं नंतर, आधी हे पत्र. नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, खर्च कुणाचा, चारही गोष्टी पत्र घेण्याआधी तिथेच उभं राहून तपासा. आवक नंबरचा फोटो काढून ठेवा, तो दाखवला की समोरच्याचा आवाज बदलतो.

व्हिसाचं काय, शेंगेन शॉर्ट स्टे (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा), फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरा, पण ४५ पर्यंतही जाऊ शकतात. माझा लवकर आला.

जूनच का ते राहिलं. तिथे समर सेमिस्टरचे वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात, ऑगस्टमध्ये गेलात तर भेटायला मुलंच नसतील. ट्रेनमध्ये तिकीट आणि सीट रिझर्व्हेशन वेगवेगळं असतं, सामान असेल तर सीट घ्याच.

मुलांना भेटणं हाच सगळ्यात छान भाग. आमचं प्रेझेंटेशन संपलं तर टाळ्या नाहीत, सगळे टेबलावर बोटांनी ठकठक करायला लागले. मी घाबरले, वाटलं काहीतरी चुकीचं बोललो. ती त्यांची दाद! वेळापत्रकात १० च्या पुढे सी.टी. लिहिलं असेल तर वर्ग सव्वादहाला, आम्ही पुणेकर शहाण्यासारखे दहाला जाऊन रिकाम्या खोलीत बसलेलो. फीचा विषय निघाल्यावर मात्र आमचे चेहरे बघण्यासारखे झाले, त्यांच्या राज्यात ट्यूशन फी २०१४ मध्येच बंद झालीय, सेमिस्टरला फक्त ठरावीक वर्गणी भरायची. त्यांना उलट नवल की आम्ही एमएला असूनही आईबाबांकडे राहतो. एकीने मला सरळ विचारलं, "मग भांडणं झाली की कुठे जाता?" मी म्हटलं, मैत्रिणीकडे, आणि जेवायच्या वेळेला परत.

बोलायला विषय हवा म्हणून मी कीलहॉर्न काढले. फ्रांत्स कीलहॉर्न, आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, १८८२ मध्ये ग्योटिंगनला प्रोफेसर झाले, आणि रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये मानद डॉक्टरेट दिली तीही याच युनिव्हर्सिटीने. तिथल्या मुलांना पत्ताच नव्हता, त्यामुळे माझा भाव एकदम वधारला. नंतर ती मुलं आम्हाला जुन्या टाऊन हॉलसमोरच्या कारंज्यावर घेऊन गेली. तिथे गेन्झेलीझल नावाचा हंसवाल्या मुलीचा पुतळा आहे, पीएचडी झालेल्याला सजवलेल्या हातगाडीतून ओढत आणतात आणि त्याने वर चढून तिचा मुका घ्यायचा. आम्ही असतानाच एक जण आला, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, तिच्यावर टेस्ट ट्यूब चिकटवलेल्या, आणि खाली त्याची आई ओरडतेय, सावकाश उतर म्हणून (भाषा कळत नव्हती पण आईच होती ती).

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी ब्रेड-दूध आणून ठेवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात. कँटीनमध्ये व्हेज मिळतं, काळजी नको.

आणि त्यांच्यासाठी खाऊ न्यायचा असेल तर पेढे, बर्फी नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला परवानगी नाही. भाकरवडी न्या. आमची दोन पाकिटं पहिल्याच संध्याकाळी संपली, पाण्याचे घोट घेत घेत.