अकरा माकडं आणि दोनदा परत आलेलं खोकं

आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या अकरा माकडांच्या पोटात नेमकं काय आहे, हे कळायला सात आठवडे गेले. त्यातले पाच एका प्रयोगशाळेच्या अर्जापायी. आठवलं की अजून संताप होतो.

कळपातली म्हातारी मादी खंगत चालली होती, शी पातळ, कधी त्यात शेंबूड. आमच्याच सूक्ष्मदर्शकाखाली चाबूककृमीची अंडी दिसली: तपकिरी, लिंबासारखी, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच. त्यावर फेनबेन्डाझोल हे जंतांचं औषध लगेच सुरू केलं. पण आयोडीनच्या थेंबात अमीबाच्या पुटीही (कवचातली त्याची अवस्था, सिस्ट) दिसल्या, चार-चार केंद्रकांच्या, आणि तिथे गाडी अडली. या अमीबाच्या जातींपैकी एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि नट्टली आतड्याला जखमा करतात, डिस्पार काही करत नाही, आणि तिघांच्या पुटी दिसायला एकसारख्या. फरक पीसीआरनेच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीनेच कळतो. तो कळल्याशिवाय अमीबावरचं औषध मेट्रोनिडाझोल द्यायचं तरी कसं? ते इतकं कडू की माकड एकदा चाखून थुंकतं, मग प्रत्येकाला पकडावं लागतं. म्हातारीला भूल सोसेल की नाही, याची मला धास्ती होती.

प्रयोगशाळेला पाठवलेलं नमुन्यांचं पहिलं खोकं बारा दिवसांनी परत आलं. कारण, नमुने फॉर्मालिनमध्ये होते. फॉर्मालिनने डीएनए खराब होतो, हे बरोबरच आहे. पण नमुना कशात पाठवायचा, याबद्दल अर्जावर एक ओळही नव्हती आणि त्या बारा दिवसांत कुणी साधा फोन केला नाही. तुम्ही हे करणार असाल तर पहिल्याच दिवशी दोन डब्या भरा: अंडी पाहायला दहा टक्के फॉर्मालिन, पीसीआरसाठी अल्कोहोल.

दुसरं खोकं ‘प्राणी क्रमांक’ या रकान्यामुळे परत आलं. मी तिथे ‘कळप’ लिहिलं होतं. अकरा माकडं रात्री एकत्र झोपतात, सकाळी फरशीवर पडलेली शी कुणाची ते कसं सांगणार? फोनवरच्या बाई म्हणाल्या, “क्रमांक टाकल्याशिवाय संगणक पुढे जातच नाही, सर.” मी त्यांच्यावर आवाज चढवला, त्याचं वाईट वाटतं. पण त्याच सकाळी म्हातारीने खाणं तोंडही न लावता सोडून दिलं होतं.

वाट दाखवली ती पिंजऱ्यावरच्या काकांनी. केळ्याच्या तुकड्यात बिनविषारी चमकी भरायची, प्रत्येकाला वेगळा रंग. पहिल्या खेपेला हिरवी चमकी निघाली कळपाच्या म्होरक्याच्या शीत. त्याने म्हातारीचा तुकडा हिसकावला होता. मग काका जाळीपाशी बसून एकेकाला हाताने भरवू लागले, गिळेपर्यंत नजर हलवायची नाही. रंग सहाच मिळाले, म्हणून दोन पाळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टॉर्चच्या उजेडात ती शी लुकलुकत होती. मी डबीवर पहिल्यांदाच नाव आणि क्रमांक दोन्ही लिहिले, आणि खरं सांगतो, भरून आलं.

शी मातीवरची घेऊ नका, वरचा न टेकलेला भागच उचला, नाहीतर मातीतल्या अळ्या जंत म्हणून मोजल्या जातात. आणि एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबू नका; जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीच्या पुटी रोज पडत नाहीत, एक दिवसाआड तीनदा घ्या. हातमोजे तर हवेतच. आम्ही काकांची आणि माझीही तपासणी करून घेतली, कारण यातलं बरंच काही माकडाकडून माणसाकडे येतं आणि माणसाकडून माकडाकडेही जातं.

अहवाल आला: अकराही नमुन्यांत डिस्पार. कुणालाही पकडावं लागलं नाही. मी तो कागद काकांना मोठ्याने वाचून दाखवला.

चाबूककृमीचं काम अजून चालू आहे. त्याची अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून खेळायच्या जागेतली वरची माती काढून टाकली. परवाच्या तपासणीत म्हातारीच्या स्लाईडवर दोनच अंडी सापडली. आज तिने केळं काकांच्या हातातून स्वतः ओढून घेतलं.