निशाण कोणत्या बाजूला उडते?

जन्मभर जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला आल्फ्रेड वॉलिसची पोरकट चित्रे आवडतातच कशी, असे तुम्ही विचारलेत. तुमच्याआधीही अनेकांनी विचारले आहे, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. दीपस्तंभ जहाजाहून थोर आणि समुद्र भिंतीसारखा उभा, हे मलाही दिसते. वॉलिस तरुणपणी शिडाच्या जहाजातून अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आला होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला त्याने जुनी शिडे, दोर आणि लोखंड यांचा धंदा केला आणि १९२२ मध्ये बायको गेल्यावर, सत्तरीच्या सुमारास, तेवढीच सोबत म्हणून खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर होड्यांच्या रंगाने चित्रे काढायला घेतली. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड या चित्रकारांनी त्याला हेरले, तरी १९४२ मध्ये तो वारला तो निराधारांच्या आश्रयगृहातच.

माझा हट्ट मात्र मामांपासूनचा आहे. मामा गलबतावर तांडेल होते. पहिली सफर संपवून मी रजेवर आलो, तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर काढलेले गलबत मला दाखवले : शिडे फुगलेली आणि डोलकाठीवरचे निशाण नाळेच्या, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने उडणारे. मी न विचारता पेन्सिल काढली आणि ते निशाण उलट्या बाजूला काढून दाखवले. "मामा, जहाज पुढे जाते तेव्हा निशाण मागे उडते." ते बराच वेळ पाहत राहिले. "तू शिकलेला, तुला जास्त कळणार," एवढेच म्हणाले आणि पुठ्ठा कपाटामागे सरकवला. त्यानंतर त्यांनी मला चित्र दाखवले नाही.

पुढे एका संग्रहालयात बंदरावरच्या चित्रकाराने रंगवलेले जुने जहाज पाहिले. अशा चित्रांचे गिऱ्हाईक बहुधा कप्तानच, त्यामुळे दोरही चुकवून चालत नसे. निशाण नाळेकडेच होते! पाठीमागचा वारा शीड फुगवतो, तोच निशाणही पुढे नेणार. इंजिनाच्या जोरावर वारा कापत जाणाऱ्या आमच्या जहाजांवर ते मागे उडते, आणि मला तेवढेच ठाऊक होते. बावीस वर्षांच्या पोराला हे कोणी शिकवले नव्हते, असे मी स्वतःला बजावतो. पण शिकवू शकणारा माणूस समोरच बसला होता.

वॉलिसचे सगळेच बरोबर आहे असा माझा दावा नाही. एखादी डोलकाठी खटकली की अजूनही माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. मामांचा पुठ्ठा आता माझ्याकडे आहे. ती रेघ खोडून पाहिली, पण तेव्हा मी ती फार दाबून ओढली होती.