वारसदार

9 एप्रिल 2024, पाडवा

गुढी आप्पांनीच उभारली. अठ्ठ्याहत्तरावं चाललंय, तरी काठी धुणं, तेल लावणं, वर तांब्या उपडा घालणं हे दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

यंदा लोकसभेला कोल्हापुरात इकडं काँग्रेसकडून कोल्हापूरच्या गादीचे श्रीमंत शाहू छत्रपती आणि तिकडं महायुतीकडून आत्ताचे खासदार संजय मंडलिक. दादा महायुतीचा. तो मनापासून तिकडचा आहे, काही मिळवायचं म्हणून नव्हे. वहिनींचं माहेर पिढीजात काँग्रेसचं. श्रीखंड वाढता वाढता दोघांची जुंपली आणि पुऱ्या गार झाल्या. आप्पा कुणाचे, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. मतदान करून आले की शाईचं बोट दाखवतात, एवढंच.

13 एप्रिल

वर्षाची चटणी आज कुटून आणली. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची देठं काढून गच्चीवर वाळवल्या होत्या. धने, तीळ, खोबरं भाजून डबे भरले आणि डंकावर नंबर लावला. एप्रिलात तिथं अर्धा दिवस जातो, पण गावात काय चाललंय ते पेपरच्या आधी डंकावर कळतं. आज सगळ्याजणी एकाच गोष्टीवर बोलत होत्या. या आठवड्यात प्रचारात उमेदवार शाहू महाराजांच्या दत्तक असण्याचा विषय निघाला, गादीचे खरे वारस कोण असा सवाल झाला. महाराज 1962 साली दत्तक आले हे कोल्हापूरपासून कधी लपलेलं नव्हतं. तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला होता, ते जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे.

"दत्तक ते दत्तकच की ओ. रक्ताची सर येती व्हय त्याला?" शेजारची मावशी म्हणाली.

मी म्हणाले, "मावशी, माझे वडील दत्तक आहेत."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तसं न्हवं गं बाळ," म्हणाली आणि माझा डबा उचलून रांगेत स्वतःच्या डब्याच्या पुढं ठेवला. पुढं कुणी तो विषय काढला नाही.

घरी मात्र निघाला. रात्री जेवताना दादा म्हणाला, "मुद्दा बरोबरच आहे की. रक्ताचं नातं नाही तर वारसा कसला?" वहिनी "अहो" म्हणून थांबल्या. दादाच्या लक्षात आलं नाही, तो पुढं बोलतच राहिला. आप्पांनी भाकरी आमटीत कुस्करली, सावकाश संपवली, थोडा भात मागून घेतला. मग उठले आणि मोरीत जाऊन स्वतःचं ताट धुतलं. आप्पा कधी ताट धूत नाहीत. धुतलेलं ताट त्यांनी फडताळात उभं लावलं आणि झोपायला गेले.

14 एप्रिल

झोप लागेना म्हणून पहाटे लिहायला बसले.

आप्पा अकरा वर्षांचे असताना भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीतून आमच्या गावी आले. 1957 साल. आज्जी-आजोबांना मूल नव्हतं आणि त्या वाडीत आप्पांच्या घरी खाणारी तोंडं जास्त होती. होम झाला, आजोबांनी मांडीवर घेतलं, दत्तकपत्र झालं. नाव बदललं, आडनाव बदललं. हिंदू दत्तकाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, 1956 ला आला होता. त्यात स्पष्ट लिहिलंय की दत्तक झाल्या दिवसापासून जन्मघराशी नातं तुटतं. एकच आडकाठी उरते, जन्मघरात जिच्याशी लग्न चाललं नसतं तिच्याशी दत्तक गेल्यावरही चालत नाही. बाकी आईबाप, भाऊबहीण, वाटणी, सगळं तुटलं.

आज्जी सांगायची, पहिले काही महिने हे पोरगं दिवस कलला की एसटीच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं. कुणाशी बोलायचं नाही, रडायचं नाही. आजोबा म्हणायचे, धरून आण. आज्जीनं कधी धरून आणलं नाही. ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहायची. शेवटची गाडी गेली की दोघं घरी यायची. एक दिवस पोरगं थांब्यावर गेलं नाही, गोठ्यात वैरण टाकताना दिसलं. तरी त्या दिवशीही आज्जी सवयीनं थांब्यावर जाऊन आली.

ही गोष्ट दादालाही माहीत आहे. आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून आम्ही दोघांनी ती ऐकलीय. आज्जी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं न्हाणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं आप्पांनी केलं. आई करायला गेली की म्हणायचे, "राहू दे, माझी आई हाय." दादा तेव्हा कॉलेजात होता. त्यानं ते डोळ्यांनी बघितलंय. तोच दादा आता रक्त रक्त म्हणतो, याचा मला राग येतो.

23 एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. डोंगरावर माणूस मावत नाही म्हणे. दादा गल्लीच्या सासनकाठीबरोबर गेला होता, गुलालात माखून आला. काठी तोलायला दोन्ही पार्ट्यांची पोरं होती. आल्यावर आप्पांच्या कपाळाला गुलाल लावला आणि पाया पडला. बोलला काही नाही.

28 एप्रिल

काल तपोवन मैदानावर पंतप्रधानांची सभा झाली. दादा दुपारच्या उन्हातनं गेला आणि घसा बसवून आला. भिंती, रिक्षा, मोबाइल, जिकडं तिकडं 'मान गादीला, मत मोदीला'. खरं सांगायचं तर या घोषणेत मला काही वावगं वाटत नाही. मान द्या आणि मत दुसऱ्याला द्या, हा मतदाराचा हक्कच आहे. गादी म्हणून मत द्यावं हे मलाही पटत नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर इथं राजा कुणी नाही, सगळे मतदार. उमेदवाराचं काम बघा, पक्ष बघा, आणि नको असेल तर पाडा. पण तो कुणाच्या पोटी जन्मला हे मोजायला लागलात की ते माप फक्त राजवाड्यात राहत नाही. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं.

6 मे

राजर्षी शाहूंचा स्मृतिदिन. 2022 ला शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी दहाला अख्खं शहर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. बाजारात हातगाडीवाला भाजी तोलता तोलता थांबला होता, तागडी हातात तशीच.

आज दादाला मी सरळ विचारलं. राजर्षी शाहू कोण होते? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 साली, दहा वर्षंही पुरी व्हायच्या आत दत्तक आले. ज्यांनी 1902 ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा ठेवल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्यांचा वारसा आपण कशावरनं सांगतो? तुझ्या उसाला भोगावतीचं पाणी येतं ते दत्तक आलेल्या राजामुळं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते वेगळं." काय वेगळं ते त्याला सांगता आलं नाही. मीही ताणलं नाही. उद्या मतदान, घरात धग नको.

7 मे

सकाळी सातलाच रांग. आप्पांनी बोट दाखवलं.

12 मे

उन्हानं दुपारी बाहेर पडवत नाही. टीव्हीवर जुना मराठी पिक्चर लागला होता. हरवलेला मुलगा, गळ्यातला ताईत, आणि शेवटी आईला न सांगताच कळतं की हाच आपला. वहिनी डोळे पुसत होत्या. मी मात्र उठून गेले. आपल्या सिनेमानं हे किती वर्षं शिकवलंय, की रक्त रक्ताला ओळखतं, आणि ज्या बाईनं वाढवलं ती शेवटच्या रिळात हात जोडून बाजूला उभी राहते. आज्जीवर कुणी पिक्चर काढला नाही.

हे बोलायचा कोल्हापूरला तर पहिला हक्क आहे. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. प्रभात 1929 ला इथंच सुरू झाली, नंतर पुण्याला गेली. पेंटरांचा 1925 चा 'सावकारी पाश' हा मूकपट जमीन गेलेल्या कुणब्याचा. व्ही. शांताराम त्यात तरुण शेतकरी झाले होते. सावकार जमीन गिळतो आणि कुणबी शहरात गिरणीत राबायला जातो. राजे-देव पडद्यावर मिरवत होते त्या काळात पेंटरांना हे सुचलं. आता तो बघायला मिळत नाही, पण त्यातल्या अंधारातल्या झोपडीचं आणि विव्हळणाऱ्या कुत्र्याचं वर्णन वाचलं तरी अंगावर काटा येतो.

आप्पांना सिनेमाचं वेड इथं आल्यावर लागलं. सायकल मारत शहरात यायचे. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांचं शूटिंग असलं की गर्दीत मावळा म्हणून उभं राहायला आसपासच्या गावची पोरं जात, त्यात आप्पाही एकदा होते. पडद्यावर आपण दिसतो का हे बघायला आज्जीला सायकलवर डबलसीट घेऊन टॉकीजला आले होते. ते दिसले नाहीत. आज्जी गावभर सांगत सुटली, दिसला म्हणून.

19 मे

आप्पांना त्यांच्या वाडीला घेऊन गेले. त्यांनीच विषय काढला, "तात्याला भेटून येऊ." तात्या म्हणजे त्यांचे जन्माचे थोरले भाऊ. वर्षा-दोन वर्षांनी लग्नकार्यात भेट व्हायची, पण आप्पांनी आपण होऊन 'जाऊ' म्हटलेलं मला आठवत नाही.

कळंब्यावरून, इस्पुर्ली मागं टाकत मुदाळतिट्ट्याला आलो. तिट्ट्यावर आप्पांनी गाडी थांबवून भजी घेतली, तात्यांना आवडतात म्हणून, आणि कागद तेलकट होऊ नये म्हणून पुडकं उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरलं. गारगोटीत क्रांतिज्योतीपाशी उतरून हात जोडले. 13 डिसेंबर 1942 च्या रात्री कचेरीवरच्या हल्ल्यात पडलेले सात हुतात्मे. आप्पांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांनी ती नावं मुलांकडून घोकून घेतली होती. वडील म्हणजे जन्माचे वडील. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

वाडीत आप्पांना दुसऱ्याच नावानं हाक मारतात, लहानपणीच्या. आणि आप्पा ओ देतात, चटकन. मला ते बघून कसंतरीच झालं. वाईट नव्हे, पण आपल्या बापाचा एक आख्खा भाग आपल्याला कधी दिसलाच नव्हता असं वाटलं. चुलतबहिणीनं नाचणीची आंबील दिली, करवंदं दिली, पाटगावकडच्या मधाची बाटली बांधून दिली. सोप्यात तात्या आणि आप्पा शेजारी शेजारी बसले आणि भजी खाल्ली. दोघांचीही उजवी भुवई बोलताना वर जाते. बाकी तोंडात साम्य नाही.

बोलणं सगळं शक्तिपीठ महामार्गाचं. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत आठशे किलोमीटरचा रस्ता, बारा जिल्हे, आणि त्यात तात्यांचा नदीकडचा गट. "आंबाबाईला जायला रस्ता नव्हता व्हय आजवर?" तात्या विचारत होते. त्यांनी कागद काढून दाखवले. आप्पांनी चष्मा लावून सातबारा ओळीनं वाचला. त्यावर आप्पांचं नाव नाही, असायचं कारणही नाही. 1957 लाच तुटलं ते. तरी बांधावर गेल्यावर विहीर कुणी खोदली, पहिली मोट कधी चालली, चिंचेखाली कुणाला साप चावला, हे आप्पा सांगत होते आणि तात्या मान डोलावत होते.

परतताना मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला कधी वाटलं का, तिथंच राहिलो असतो तर?"

"तुझी आज्जी एकटी पडली असती," म्हणाले. मग इस्पुर्लीपर्यंत झोपले.

4 जून

निकाल. शाहू महाराज दीड लाखांहून जास्त मतांनी आले. वहिनींच्या माहेरून पेढे. दादा दिवसभर खोलीत. हातकणंगल्यात धैर्यशील माने आल्याचं कळल्यावर थोडा सावरला. संध्याकाळी आप्पा त्याच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. अर्धा-पाऊण तास दोघं आत होते. काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. रात्री दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "त्या दिवशी जेवताना मी बोललो ते आप्पांना लागलं होतं का गं?" मी हो म्हटलं. त्याला दुसरं काय सांगणार? खरं होतं ते.

18 जून

पाऊस बेताचाच. शक्तिपीठाच्या विरोधात कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता. तात्या वाडीतल्या लोकांबरोबर टेम्पोतून आले. आप्पा सकाळीच टोपी घालून तयार.

दादा म्हणाला, "रस्ता आमच्या सरकारचा आहे, मी मोर्चात येणार नाही." आप्पा म्हणाले, "तू नको येऊ. मला सोड." दादानं त्यांना गाडीवर बसवून दसरा चौकात सोडलं, तात्यांना शोधून दोघांना एकत्र केलं, पाण्याची बाटली आप्पांच्या पिशवीत घातली आणि कामाला गेला. मी दुपारी ऑफिसातून सुटून पोचले तेव्हा दोघे भाऊ फूटपाथवर बसून भाकरी खात होते. माईकवर कुणीतरी बोलत होतं, दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं. आंब्याच्या लोणच्याला मीठ जास्त झालंय यावर चालू होतं.

तात्यांना सरकारकडं स्वतःच्या नावानं निवेदन द्यायचंय. लिहायला येत नाही म्हणून ते माझ्यावर आलं. रविवारी वाडीला जाऊन बसायचं ठरलंय. गटाचा उतारा दादा ऑनलाइन काढून देतो म्हणालाय. प्रिंट दोन काढ, एक आप्पांजवळ राहू दे, असं मी त्याला सांगून ठेवलंय.