जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं का? माझा अनुभव

उदगीरला आमचं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन्ही कामं एकाच कॉम्प्युटरवर चालायची. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पुण्यस्मरणाची पत्रं त्यावरच, आणि पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखलाही त्यावरच. मशीन इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं, रॅम चार जीबी, आत विंडोज १०. त्या विंडोजचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं तेव्हापासून माझ्या मागे एकच विचार लागला: आता याचं करायचं काय?

सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी आमच्या बाजारात ते बरीच वर्षं चाललं. फरक पडतो तो सुरक्षेच्या अपडेटमध्ये. नवीन भोक सापडलं की ते बुजवणारं कुणी राहत नाही. फक्त पत्रिका छापणाऱ्याला एक वेळ ते चालून जाईल. माझ्याकडे मात्र देवणी-जळकोटहून आलेल्या माणसांचे आधार कार्ड, सातबारा, बँकेची पासबुकं स्कॅन होतात. ते कागद माझ्या भरवशावर दिलेले असतात. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू द्या’ हा मार्ग मी सुरुवातीलाच सोडला.

मग मशीन विंडोज ११ ला चालेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून पाहिलं. उत्तर सरळ ‘नाही’ असं आलं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते, जिच्यात मशीनच्या गुप्त किल्ल्या सुरक्षित राहतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. रॅम वाढवून किंवा एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून ही अट पुरी होत नाही. मशीन पळायला लागतं, पण पात्र होत नाही.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “ताई, कशाला डोक्याला ताप करून घेता? अट चुकवून बायपास मारतो की. संध्याकाळपर्यंत अकरा चालू करून देतो.”

“अन् पुढचे अपडेट?”

“येतात बहुतेक.”

मला ‘बहुतेक’ नको होतं. अट चुकवून टाकलेल्या विंडोजला अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप, तीच पुन्हा अधांतरी राहणार असेल तर त्या बदलाचा मला उपयोग काय?

खरी अडचण तर पुढेच निघाली. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडून पाहिलं तर आमचं विंडोज ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीचं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं होतं, कारण पत्रिकेच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली, लागतं आणि ते विंडोजला ओळखवणारा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे मशीन पात्र असतं तरी अपग्रेडच्या बटणाने काम भागलं नसतं. सगळं पुसून नव्याने टाकावं लागलं असतं आणि डोंगल तरीही मुकंच राहिलं असतं.

या डोंगलमागे माझ्या कित्येक वर्षांच्या फाइली आहेत. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नाहीत. आतून साधी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. फॉन्ट काढला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो. त्याचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर आहेत, मी वापरून पाहिले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं उलटं: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ आधी. कन्व्हर्टर इथेच घसरतो. ‘सूर्यकांत’, ‘धर्मराज’, ‘कीर्ती’ अशी नावं मोडली. पत्रिकेत नाव चुकलं तर त्या घरचा मान दुखावतो, आणि छापलेला गठ्ठा परत घेता येत नाही. म्हणून सगळ्या फाइली एका झटक्यात फिरवायच्या नाहीत, हे तेव्हाच ठरवलं.

लिनक्स मिंटही पाहिलं. पेनड्राइव्हवरून चालू करता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही, हे फार सोयीचं आहे. त्याच जुन्या मशीनवर ते छान चाललं, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंगही जमलं. ज्याचं काम ब्राउझर, पत्रं आणि हिशेब एवढंच आहे, त्याने ते नक्की पाहावं. माझ्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचंच होतं, डोंगलही तिथे चालेना.

एवढं होईपर्यंत सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात गेलं आणि अनुदानाच्या ई-केवायसीसाठी माणसं दुकानात येऊ लागली. अशा वेळी मशीन खोलून बसणं मला शक्यच नव्हतं. तेव्हा मी विंडोज १० चं वाढीव सुरक्षा अपडेट घेतलं. घरगुती वापरकर्त्याला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतं. त्यासाठी विंडोजची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. एक तर तीस डॉलर भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड योजनेचे १००० पॉइंट द्यायचे, नाहीतर सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे चालू ठेवायचा, म्हणजे पैसे लागत नाहीत. मी बॅकअपचा मार्ग घेतला. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक होती, काम लवकर झालं. हे औषध नाही, मुदत आहे. पण ती मुदत मला फार कामी आली.

गर्दी ओसरल्यावर निवांत बसून कामं वेगळी केली. ऑनलाइनच्या कामासाठी लातूरहून आठव्या पिढीचं जुनं मशीन घेतलं, एसएसडी असलेलं. पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी पाहिल्या: हेल्थ चेक पास होतं का, विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, आणि अंगठ्याचं मशीन लावल्यावर ओळखतं का. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, म्हणून ॲक्टिव्हेशन तिथेच पाहावं, नंतर विचारून उपयोग नाही.

दुकानातलं आधीचं मशीन ठेवलं, पण त्याची इंटरनेटची केबल काढून टाकली. त्यावरची ग्राहकांची कागदपत्रं पुसली, फाइलींच्या दोन प्रती बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतल्या. आता तिथे फक्त जुन्या पत्रिका उघडतात. पीडीएफ करून पेनड्राइव्हने ऑनलाइनच्या मशीनवर आणते, उघडण्याआधी पेनड्राइव्ह स्कॅन होतो. नवीन पत्रिका सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करते. जुन्यांपैकी जे घर पुन्हा काम घेऊन येतं, त्यांचीच फाइल तेवढी फिरवते, आणि नावं त्या घरच्या माणसाला समोर बसवून वाचून घेते.