ट्रॅकसूट घातलेली तक्रार

‘न्यू पँट्स’ हे नाव गंभीर चेहऱ्याने उच्चारून बघा. जमत नाही. 1996 साली बीजिंगमध्ये कलाशाळेतल्या काही पोरांनी हा बँड काढला, तेव्हा चिनी रॉक म्हणजे कपाळाला आठ्या, घोगरा आवाज आणि अख्ख्या देशाच्या नशिबाची काळजी असा मामला होता. 1986 मध्ये त्सुइ च्येनने बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात एक गाणं म्हटलं आणि चिनी रॉकचा श्रीगणेशा झाला. पुढची दहा वर्षं बरेच जण त्याच सुरात कळवळत राहिले. त्यात ही पोरं आली ती दोन-अडीच मिनिटांची, तीन कॉर्डमध्ये उरकणारी गाणी घेऊन. 1998 मध्ये मॉडर्न स्काय या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. पेंग लेइ गायचा, पांग क्वान कीबोर्डवर. पुढे त्याच कीबोर्डने गिटारला बाजूला सारलं आणि बँड न्यू वेव्हच्या, म्हणजे कीबोर्डवरच्या नाचऱ्या रॉकच्या, वाटेला लागला.

ही पोरं ऐकायची काय, हा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकात अमेरिका-युरोपातल्या कंपन्या न खपलेल्या सीडी आणि कॅसेट भंगारात काढत. कुणी परत विकू नये म्हणून कडेला करवतीने खाच मारायची आणि प्लास्टिकचा कचरा म्हणून माल दक्षिण चीनला रवाना करायचा. तिथे तो वितळवला जाईल, असा हिशेब. पण कुणीतरी त्यातली एक सीडी घरी नेऊन लावून पाहिली असणार. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. पहिलं गाणं मधल्या भोकापाशी, शेवटचं कडेला. खाच कडेला. त्यामुळे सुरुवातीची गाणी झकास वाजायची आणि शेवटची एक-दोन खरखरत जीव सोडायची. कॅसेटची टेप तुटलेली असली तर चिकटपट्टी लावून जोडायची. पेन्सिलीने कॅसेट गुंडाळलेल्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. शहराशहरांत फूटपाथवर या ‘दाकोउ’, म्हणजे खाच मारलेल्या, सीडी ढिगाने विकल्या जात, आणि त्या ऐकून वाढलेल्यांना दाकोउ पिढी असंच नाव पडलं. अल्बमचा शेवटच माहीत नसलेली पिढी! शिवाय ढिगाला ना साल ना क्रम. सत्तरीतला धसमुसळा पंक रॉक आणि ऐंशीतला इलेक्ट्रॉनिक सुरांचा सिंथ-पॉप एकाच भावात, एकमेकांच्या उरावर. न्यू पँट्सच्या गाण्यांत जी बेधडक सरमिसळ आहे ती मला या ढिगातूनच आलेली वाटते.

2006 चा त्यांचा अल्बम घ्या. त्याचं नाव एका औषधाच्या गोळ्यांवरून ठेवलंय. ड्रॅगन आणि वाघाच्या छापाच्या या गोळ्या 1911 पासून शांघायच्या. उन्हाळ्यात चक्कर आली, मळमळलं की तोंडात टाकायच्या. एका जपानी गोळीला टक्कर द्यायला काढलेलं हे स्वदेशी औषध. या अल्बमच्या काळात बँडने अंगात ऐंशीच्या दशकातले ट्रॅकसूट चढवले, पायात देशी कॅनव्हासचे बूट. बीजिंग तेव्हा 2008 च्या ऑलिंपिकसाठी जुन्या गल्ल्या पाडून काचेचे मनोरे उभारत होतं. अशा वेळी नव्या शहरात मुद्दाम आईबापांच्या काळातले कपडे घालून नाचणं ही मला साधी फॅशन वाटत नाही. तक्रारच ती, फक्त इस्त्री करून घातलेली.

आणि नाच? तोही वाटतो तेवढा निरागस नाही. 1980 मध्ये चिनी सरकारने आदेश काढून तिकीट लावून होणारे नाच आणि सार्वजनिक जागी लोकांनी आपणहून केलेले नाच बंद केले. 1983 च्या गुन्हेगारीविरोधी मोहिमेत तर घरात दिवे मंद करून नाचल्याबद्दलही लोकांना ‘गुंडगिरी’च्या कलमाखाली धरलं गेलं. 1987 च्या सुमाराला डान्स हॉलना रीतसर मुभा मिळाली. म्हणजे डिस्को तिथे चोरून शिकलेली गोष्ट आहे. त्या दशकात झांग चियांग नावाची कुरळ्या केसांची शाळकरी वयातली मुलगी परदेशी डिस्को गाणी चिनीत गायची आणि तिच्या कॅसेट लाखांनी खपायच्या. पुढे लोक तिला विसरले. 2013 मध्ये न्यू पँट्सने तिला शोधून तिचा नवा डिस्को अल्बम करून दिला. त्यांनी केलेल्या सगळ्यात मला हे काम सर्वांत आवडतं. उपकाराचा आव नाही, श्रद्धांजलीचा सूर नाही. मावशी, चला, परत गाऊ या, एवढंच.

बँडवाले आपली तक्रार उघड का बोलत नाहीत, असं कुणी विचारेल. तिथे कार्यक्रम करायचा तर गाण्यांची यादी शब्दांसकट आधी मंजूर करून घ्यावी लागते. 2015 मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाने एका झटक्यात 120 गाणी इंटरनेटवरून उतरवली. अशा ठिकाणी ठेक्यावर बसवलेलं बोलणं पुढे सरकतं. सामान्य लोकांनाही हे पक्कं माहीत आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या घरचा आहे: 2022 च्या ऑक्टोबरात, कोविडच्या टाळेबंदीला कंटाळलेले चिनी लोक बप्पी लाहिरींच्या ‘जिमी जिमी’वर रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ टाकत होते. चिनी कानाला ते ‘तांदूळ उसने द्या’ असं ऐकू येतं. आता ‘डिस्को डान्सर’वर बंदी घालणार कशी?

2016 मध्ये न्यू पँट्सनी एक गाणं केलं, त्याचा आशय असा की ज्याला ध्येयच नाही त्याला दुःखही नाही. अपयशात, एकटेपणात मरायचं नाही, कायम तळघरात राहायचं नाही, असं चाळिशीला टेकलेला पेंग लेइ त्यात ओरडून सांगतो. तीन वर्षांनी, 2019 च्या उन्हाळ्यात, एका मोठ्या व्हिडिओ अ‍ॅपवर 31 बँडची स्पर्धा झाली. हे तिथे गेले आणि पहिले आले. पांग क्वान कीबोर्ड सोडून मंचभर उड्या मारत होता. हातपाय चार दिशांना, चेहऱ्यावर बँकेतल्या कॅशियरची शांतता. तो प्रकार एकदा बघाच.

तेव्हापासून ‘हे विकले गेले’ अशी कुरकुर सुरू आहे. ती मला पटत नाही. वीस वर्षं भाड्याची काळजी केल्यावर प्रायोजकाचा चेक घेण्यात पाप कसलं? खटकतं ते वेगळंच. अपयशाचं गाणं लाखो लोक हात वर करून म्हणायला लागले की त्यातलं अपयश हळूहळू सजावटीचं होतं. बहुधा बँडलाही ते जाणवलं असावं. 2021 मध्ये पांग क्वान बीजिंगच्या एका कलादालनात छोट्याशा मंचावर 14 दिवस राहिला. खाणंपिणं, झोपणं, मध्येच नाचणं, सगळं तिथेच आणि सगळं थेट प्रक्षेपित. लोक मध्यरात्री उठून तो झोपलाय का बघायचे. प्रसिद्धीची याहून चोख टिंगल मी तरी पाहिलेली नाही.

ऐकायचंच असेल तर 2006 च्या अल्बमपासून सुरुवात करा, मग 2016 चा. 1998 चा पहिला अल्बम शेजारी घरात नसताना लावलेला बरा.