वकिली सोडलेल्या वकिलाचे अपील

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली सुरू केली, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या सीनियरांनी विचारले होते, "मदनमोहन मालवीय कोण, ठाऊक आहे का?" बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक, एवढेच मला सांगता आले. "वकील म्हणून विचारतोय. चौरीचौराचे वाच," असे म्हणून त्यांनी समोरच्या फाइलची नाडी सोडायला घेतली आणि विषय संपला.

मालवीयांचा जन्म १८६१ साली अलाहाबादेत, भागवतकथा सांगून चरितार्थ चालवणाऱ्या वडिलांच्या घरात झाला. काही काळ शिक्षकी आणि मग संपादकी करून ते वकिलीकडे वळले. वकील म्हणून त्यांचे जे काम मला सर्वांत जवळचे वाटते, ते मात्र कोणत्याही खटल्यातले नाही. त्या प्रांतातील न्यायालयांचे कामकाज फारसी लिपीत चाले आणि ज्याच्या नावाने समन्स निघे त्या शेतकऱ्याला ते बहुधा वाचता येत नसे. म्हणून मालवीयांनी १८९७ मध्ये एक सविस्तर निवेदन तयार केले आणि १९०० साली सरकारने न्यायालयांत नागरी लिपीलाही परवानगी दिली. या प्रकरणाने हिंदी-उर्दू वादाला धार आली, हेही नाकारता येणार नाही. तरीही अक्कलकोटकडचा एखादा कानडी बोलणारा पक्षकार मराठी वकीलपत्र दोनदा उलटसुलट करून पाहतो आणि मग मुकाट्याने अंगठा उठवतो, तेव्हा मला ते निवेदन आठवतेच.

त्यांचे सनातनीपण दिखाऊ नव्हते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना त्यांनी गंगाजल बरोबर नेले होते. हिंदू महासभेच्या उभारणीत ते अग्रभागी होते आणि काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे करारावर सवर्ण हिंदूंच्या बाजूने त्यांनी सही केली. ज्यांच्यासाठी तो करार झाला त्यांच्या वाट्याला त्यातून नेमके काय आले, यावर आमच्या बार रूममध्ये आजही आवाज चढतात, आणि ते चढू नयेत असे मला वाटत नाही.

आता चौरीचौरा. फेब्रुवारी १९२२ मध्ये गोरखपूर जिल्ह्यातील त्या गावी पोलीस ठाणे जाळले गेले, वीसहून अधिक पोलीस मारले गेले आणि गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले. शाळेच्या पुस्तकातला धडा इथेच संपतो. पकडल्या गेलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे मला वकील झाल्यावर कळले. जानेवारी १९२३ मध्ये सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. मालवीयांनी तोवर विश्वविद्यालयासाठी चालती वकिली सोडून बरीच वर्षे लोटली होती, वय साठीच्या पुढे गेले होते. तरी ते अलाहाबाद उच्च न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभे राहिले. असहकारातला न्यायालयांवरचा बहिष्कार त्यांना मुळातच मान्य नव्हता आणि ज्याच्या गळ्याशी फास आला आहे त्याला बहिष्कार परवडत नाही, हे कोणताही वकील सांगेल. जमावात नुसता हजर असणे वेगळे आणि ठार मारण्यात हात असणे वेगळे, हा भेद फौजदारी वकिलाला रोजचा. पण एकाच वेळी एवढ्या आरोपींबाबत, प्रत्येकाच्या पुराव्यानुसार, तो न्यायमूर्तींच्या गळी उतरवणे म्हणजे काय, याची कल्पना आमच्या व्यवसायाबाहेरच्या माणसाला येणे कठीण. ३० एप्रिल १९२३ रोजी निकाल लागला. फाशी कायम राहिली १९ जणांची. बाकी कोणी जन्मठेपेवर गेले, कोणाला कमी मुदतीची कैद झाली, काही सुटले.

हे सगळे वाचून मी सीनियरांकडे गेलो आणि दीडशेहून अधिक जीव वाचले, असे उत्साहाने सांगितले. त्यांनी खिडकीकडे पाहिले. आमच्या गावातही मे १९३० मध्ये पोलीस मारले गेले होते, मार्शल लॉ पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांवरूनच आम्ही दोघे रोज कोर्टात येत होतो.

"त्या एकोणीस जणांची नावे वाचलीस का?" त्यांनी विचारले. मी वाचली नव्हती.